अक्कांचा टीबी

गेला उन्हाळाभर आमच्या घरात एकच वाक्य चालू होतं, अक्कांना टीबी झालाय. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना टीबी नव्हता. कॅन्सर होता, आणि एकट्या त्यांना सोडून ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक होती. त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर आम्ही एक बोलायचो आणि दाराच्या आत दुसरं. उंबरठा ओलांडताना चेहरा बदलायची मला इतकी सवय लागली, की एकदा शाळेत वर्गात शिरतानाही तेच खोटं हसू तोंडावर आलं आणि पोरं चपापली.

सांगते. आमचं गाव धुळ्याच्या अलीकडे, कापसाचं. तिथे अक्का आणि आबा, म्हणजे माझे सासरे, राहतात. आम्ही दोघं नोकरीपायी जळगावला. नवरा कचेरीत आहे, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. तीन वर्षांची एक मुलगी आहे, तिला घरात सगळे नुसतं पोर म्हणतात. माझं माहेर एरंडोल, धुळे-जळगाव रस्त्यावर मधेच पडतं. दोन्ही दिशांच्या गाड्या बघत मोठी झाले, तेव्हा दोन्हीकडून ओढाताण झाली तरी जागच्या जागी उभं राहणं मला जमायला हवं होतं. नाही जमलं.

दिवाळीनंतर अक्कांच्या मानेत बोराएवढी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी ती पदराखाली ठेवली आणि कापूस वेचायला जात राहिल्या. संक्रांतीला आम्ही गावी गेलो तेव्हा ती लिंबाएवढी झालेली होती आणि अक्कांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. तिथल्या डॉक्टरांनी टीबीची शंका घेतली. आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की आधी तीच शंका येते आणि पुष्कळदा खरीही निघते. गोळ्या सुरू झाल्या. गाठ काही हटेना, उलट काखेत दुसरी आली. शेवटी नवऱ्याने त्यांना जळगावला आणलं, गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला.

डॉक्टरांच्या खोलीत नवरा, आबा आणि मी होतो. अक्का बाहेर बाकावर पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या. डॉक्टर शांतपणे म्हणाले, लिम्फोमा आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातला कॅन्सर. वाढतो झपाट्याने, पण औषधापुढे वाकतोही तितक्याच झपाट्याने. दर तीन आठवड्यांनी एक, अशा सहा सलाईन द्यायच्या. यातून पुष्कळ लोक पूर्ण बरे होतात.

"पण सहाच्या सहा झाल्या पाहिजेत," ते म्हणाले. "मधेच गाठ गेलेली दिसेल. पेशंट म्हणेल, मी ठणठणीत आहे. तिथे थांबलात तर केलेलं सगळं पाण्यात. आता त्यांना आत बोलवा, मी समजावून सांगतो."

आबा उठले आणि दाराला पाठ लावून उभे राहिले. "तिले सांगानं नही," ते म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून पाहिलं. पेशंटला माहीत असलं तर तो साथ देतो, औषधं नीट घेतो, वगैरे. आबांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "नाव आयकताच मानूस अर्धा मरी जास, साहेब. आमना गावमा मी पाहेल शे." गावात शेजारच्या एका बाईने तो शब्द ऐकला आणि भिंतीकडे तोंड करून जी झोपली, ती उठलीच नाही, भाकरीचा तुकडा तोंडात घेतला नाही, हे आबांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दगडासारखा तो माणूस, पण बोलताना त्याने दाराची कडी घट्ट धरून ठेवली होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं तर नवऱ्याने टेबलाखाली माझा पाय दाबला. बाहेर सायकल स्टँडपाशी आल्यावर आबा आम्हाला दोघांना म्हणाले, "मनी शप्पथ शे तुमले." माझ्याकडे जरा जास्त वेळ बघून म्हणाले. शिकलेल्या सुनेच्या तोंडावर कुणाचा भरवसा नसतो.

खोटं रचायचेही कष्ट पडले नाहीत, हे सगळ्यात वाईट. टीबीचं नाव आधीपासून होतंच. आम्ही फक्त ते काढून घेतलं नाही. टीबी जरा हट्टी निघालाय, गोळ्यांनी ऐकत नाही, म्हणून सलाईन द्यायच्या, एवढं सांगितलं. केस गळतील? टीबीचं भारी औषध आहे, गळतात. तोंड येईल? येतंच. अक्कांनी मान डोलावली. माणूस विश्वास टाकतो तेव्हा त्याला फसवणं किती सोपं असतं, ते मला तेव्हा कळलं.

हॉस्पिटलच्या पुढच्या दारावर मोठ्या अक्षरांत कॅन्सर लिहिलेलं आहे, आणि अक्कांना अक्षरं जोडून वाचता येतात. म्हणून आम्ही मागच्या बाजूने, औषधाच्या दुकानाशेजारच्या दाराने जायचो. तिथे गेलं की कळायचं, हे दार काही आमच्यासाठीच नाही. निम्मी गर्दी तिथूनच आत शिरत होती, एक म्हातारं माणूस मधे आणि दोन्ही बाजूंना दोन कावरेबावरे नातेवाईक. सलाईनच्या वॉर्डात तर कमाल होती. रावेरकडचे एक केळीवाले आजोबा होते, जबडा सुजलेला. त्यांच्या मुलाने मला कोपऱ्यात गाठून हळूच सांगितलं, "ताई, आमच्या बाबांचं दाढेचं इन्फेक्शन आहे बरं का." मी म्हटलं, "आमच्या अक्कांचा टीबी." त्याने समजून मान हलवली. पलीकडच्या एका बाईला पित्ताशयाचा त्रास होता. अशी सगळी सोय. एकेक पेशंट सोडला तर बाकीच्या सगळ्या वॉर्डाला सगळ्यांचं सगळं ठाऊक, आणि जो तो दुसऱ्याचं खोटं आपल्या पोटच्या पोरासारखं सांभाळत होता. कुणी आढेवेढे घेतले नाहीत. घरोघरी मातीच्या चुली.

सलाईन चढवायला अख्खा दिवस जायचा. अक्का डोळे मिटून पडायच्या आणि मी शेजारच्या स्टुलावर पुस्तक उघडून बसायची. पुस्तकाला पोरीच्या चित्रकलेच्या कागदाचं कव्हर घातलेलं. कॅन्सरवरच्या संशोधनाचा इतिहास मी त्या स्टुलावर वाचला, आणि आता सांगायला हरकत नाही, त्या उन्हाळ्यात मला श्वास घेता आला तो तेवढाच. खेकड्याचं नाव या रोगाला कसं पडलं, तर जुन्या काळच्या ग्रीक वैद्यांना गाठीभोवतीच्या फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या. त्यानंतर शतकानुशतकं कुणाच्या हाती काही लागलं नाही. कापायचं, डागायचं, नशिबावर सोडायचं. भूल शोधली गेली तसे सर्जन धीट झाले आणि इतकं कापू लागले, की बायकांच्या छातीच्या बरगड्या उघड्या पडायच्या. मग किरणं आली. ज्या किरणांनी गाठी जाळल्या, त्यांनीच ती हाताळणाऱ्यांची बोटंही जाळली. आणि मग एका युद्धातल्या विषारी वायूने सैनिकांच्या पांढऱ्या पेशी मारल्या, म्हणून एका डॉक्टरच्या डोक्यात आलं, ज्याच्या पांढऱ्या पेशीच पिसाळल्या आहेत त्याला हे थेंबभर दिलं तर? पहिल्यांदा दिलं ते लिम्फोमाच्याच पेशंटला. गाठी विरघळल्या. काही दिवसांनी परत आल्या, पण विरघळल्या हे खरं.

त्या वायूचं नातवंड अक्कांच्या एका बाटलीत होतं. दुसऱ्या बाटलीतलं औषध सदाफुलीपासून काढलेलं. आपल्या तुळशीशेजारी, गटारीच्या काठी कुठेही उगवते ती सदाफुली. लोक तिच्यात मधुमेहाचं औषध शोधत होते आणि सापडलं हे. तिसरं औषध बिटाच्या रसासारखं लालभडक, ते मातीतल्या जंतूंनी दिलेलं. चौथं अगदी अलीकडचं. ते आंधळ्यासारखं सगळीकडे मारत सुटत नाही, ठरावीक पेशींची खूण ओळखतं आणि त्यांनाच धरतं. आणि आता तर पेशंटच्या स्वतःच्या पेशी बाहेर काढून, त्यांना शिकवून, परत लढायला सोडतात. आपल्या देशातही सोडतात. शिकवणं हा शब्द वाचून मला हुरूप आला होता.

यातलं अक्षरही मला अक्कांना सांगता येत नव्हतं. मास्तरणीकडे इतकी चांगली गोष्ट असावी, समोर ऐकणारं माणूस पडलेलं असावं, ती गोष्ट त्याच्याच नसांमधून थेंबथेंब जात असावी, आणि तोंड शिवलेलं असावं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. अक्का विचारायच्या, "काय वाची ऱ्हायनी?" मी म्हणायची, "शाळेचं." त्या म्हणायच्या, "वाच बाई, वाच," आणि डोळे मिटायच्या.

त्याच पुस्तकात मला एक पान सापडलं. परदेशातसुद्धा, जिथे हे सगळे शोध लागले तिथेही, फार जुनी गोष्ट नाही, डॉक्टर पेशंटला हा शब्द सांगत नसत. नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगत आणि पेशंटला सूज म्हणत, अल्सर म्हणत. मी ते पान रात्री जेवताना नवऱ्याला दाखवलं. मला म्हणायचं होतं, बघ, त्यांनीही हे केलं आणि मग सोडून दिलं. तो खूश होऊन म्हणाला, "बघ, म्हणजे आबांचं काही चुकलं नाही!" पालथ्या घड्यावर पाणी. मी पुस्तक मिटलं.

आबा शेतीसाठी गावी परतले होते आणि आमच्या घरी मागची खोली अक्कांना दिली होती. तिला एकच खिडकी, ती शेजाऱ्यांच्या भिंतीवर उघडणारी. एप्रिलपासून जळगाव म्हणजे तवा. पत्र्यावरून वारा आत यायचा तो भाजून. सलाईननंतरचा दुसरा आठवडा सगळ्यात नाजूक, पांढऱ्या पेशी तळाला जातात, साधी सर्दीही महागात पडते. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, दार बंद, मास्क, शिजवलेलंच खाणं, माणसांची ये-जा नको, लहान मूल तर अजिबात नको.

ही बंधनं मी घाबरत घाबरत अक्कांना सांगायला गेले. म्हटलं, आता ही बाई काय म्हणेल? जन्मभर ओट्यावर बसलेली, आल्यागेल्याला हाका मारणारी. पण त्यांनी सगळं आधीच करून ठेवलेलं होतं. गावाहून येतानाच आपलं ताट, वाटी, तांब्या वेगळा बांधून आणला होता. त्या जेवल्या की ताट स्वतः घासायच्या, मला हात लावू द्यायच्या नाहीत. बोलताना पदर तोंडावर. टॉवेल वेगळा, साबण वेगळा. मी दार लावायच्या आधी त्या आतून कडी घालायच्या. नवरा म्हणाला, "आईला किती समजतं बघ, डॉक्टरांनी सांगायचीही गरज नाही." आबांना फोनवर आम्ही तेच सांगितलं. सगळ्यांनी हुश्श केलं. डॉक्टरांना जे हवं होतं आणि आमच्या खोट्याला जे हवं होतं, ते असं एकमेकांत चपखल बसलं. का बसलं, हे कुणीच विचारलं नाही. टीबीविषयी जास्त बोलायला नको, बोलताबोलता कुणाच्या तोंडून भलतंच निसटायचं, म्हणून तो विषयच आम्ही टाळत होतो.

पोरीला मात्र कुणी समजवावं? जन्मल्यापासून सुट्टीत गावी गेलं की ती अक्कांच्या पोटाला चिकटून झोपायची. आता अक्का तिच्याच घरात राहायला आल्या होत्या आणि दार बंद. ती दारावर चापट्या मारायची. आतून आवाज यायचा, "आठे येऊ नको, बाई. तठे खेळ." तो आवाज इतका कडक, की मलाच राग यायचा. जरा गोड बोलायला काय जातं? पुढे पुढे पोर दाराकडे जाईनाशी झाली.

आणि भेटायला येणारे! आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला गेलं नाही तर सोयरीक तुटल्यासारखं मानतात. गावाहून जीप भरून माणसं यायची, हातात द्राक्षं, बिस्किटं, अंगारा. मी दारात. "अक्कांना विश्रांती सांगितलीय, चहा घ्या." एक चुलतसासू म्हणाल्या, "आमी काय परका शेत का? तोंड पाहीसन जाऊत." मी नाही म्हटलं. त्यांनी चहा तसाच ठेवला. गावात बोभाटा झाला, की जळगावच्या सुनेने सासूला कोंडून ठेवलंय, चुलतीलाही तोंड पाहू देत नाही. आबांनी एका शब्दाने तो खोडला नाही, कारण खोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मी धुमसत होते. शप्पथ आबांची, खोटं सगळ्या घराचं, आणि कैदाशीण मी.

तिसऱ्या सलाईननंतर स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर आधीचं चित्र आणि आताचं चित्र शेजारी ठेवलं. आधीच्या चित्रात मानेत, काखेत, छातीत दिवे लागल्यासारखे दिसत होते. आताच्यात सगळे विझलेले. नवरा तिथेच रडला. मीही रडले, आणि मला रिक्षात, घरात, जिन्यावर परत परत रडू आलं. त्या संध्याकाळी मी शेवभाजी केली, अक्कांपुरती बिनतिखटाची. उरलेल्या तीन सलाईन झाल्या की सुटलो, असं मी मनाशी म्हटलं.

अक्कांनी मान चाचपून पाहिली आणि म्हणाल्या, "गाठ गयी. आते माले गावले लई चला."

नवऱ्याने समजावलं, अजून तीन सलाईन आहेत. "काबर? गाठ तं गयी." टीबी आतून पुरता गेला नाही, मुळापासून जायला हवा. हे ऐकून त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला, घरी जायचं, सलाईन नको. आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. बरं वाटायला लागलं, आता बाई ऐकत नाही.

मला त्या दिवसांत झोप लागेना. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर पहिल्यांदा औषधं सापडली, तेव्हाची हकीकत मी वाचलेली होती. रक्त स्वच्छ दिसलं की डॉक्टर हात आखडता घेत, पोरं हसतखेळत घरी जात आणि काही महिन्यांनी तोच रोग घेऊन परत येत. दिसत नाही म्हणजे संपलं असं नाही, हे कळायला किती आया रडल्या असतील. ते कळल्यावरच कुठे औषधं एकत्र आणि शेवटपर्यंत द्यायला लागले. म्हणजे ज्या तीन सलाईन अक्का नाही म्हणत होत्या, त्याच त्यांचा जीव होता. आणि हे पटवायला लागणारा एकमेव शब्द वापरायची मला बंदी होती. मी आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, आता सांगू द्या, नाहीतर त्या जातील हातच्या." ते म्हणाले, "दुसरं काही तरी सांग. तू मास्तरीण शे ना." आणि फोन ठेवला. इकडे आड, तिकडे विहीर, आणि वर ही शाबासकी.

अशात पोरीला सर्दी झाली. साधीच, कूलरच्या वाऱ्याची. रात्रभर खोकली. सकाळी मी अक्कांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर कॉटवर गाठोडं बांधून ठेवलेलं. ताट, वाटी, तांब्या, लुगडी. अक्का कडेला बसलेल्या, डोक्याला रुमाल, तोंडावर पदर. चौथी सलाईन तीन दिवसांवर आली होती.

"माले आजच धाडी द्या," त्या म्हणाल्या. "यस्टीमा बसाडी द्या. मी एकली जासू."

मी आधी गोड बोलले, मग चढ्या आवाजात बोलले, मग मला रडूच आलं. म्हटलं, "अक्का, बरं वाटतंय म्हणून असं करू नका. तुमच्या पाया पडते."

"बरं?" अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "माले कोठे बरं वाटस? बोटं बधिर शेत, तोंडले चव नही. तू म्हणस टीबी आजून आतमा शे. मंग मी आठे कशी ऱ्हाऊ? पोर रातभर खोकली. मी आयकं. मना खोकला तिले लागना."

आपलाच टीबी पोरीला लागला, असं त्या धरून बसल्या होत्या.

मग अक्का सांगू लागल्या, पदर तोंडावरून न काढता. त्यांचा थोरला भाऊ विशीत टीबीने गेला होता. त्याला शेतातल्या खोपटात ठेवलं होतं, ताट वेगळं, तांब्या वेगळा. आई बांधावर भाकरी ठेवून यायची. अक्का तेव्हा लहान होत्या, एकदा धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसल्या, तर भावाने ढकलून दिलं, शिव्या दिल्या, दगड उगारला. पुढे त्यांना कळलं, त्याने तसं का केलं ते. "मी बी तसंच करं पोरले," अक्का म्हणाल्या. "दारवर चापटी मारे ना ती, तवय मी आतमा तोंडमा लुगडं कोंबी ले. तरी तिले लागनाच."

आम्ही सगळे त्या कडीचं कौतुक करत होतो.

मला आबा आठवले, दाराच्या कडीवरचा त्यांचा हात आठवला, शप्पथ आठवली. आणि मला सरळ संताप आला, त्यांचा, नवऱ्याचा, त्या बधिर वॉर्डाचा. माझा तर आलाच. मी खाली फरशीवर बसले आणि म्हटलं, "अक्का, तुम्हाला टीबी नाहीये."

"मंग काय शे?"

"कॅन्सर आहे."

आता ही भिंतीकडे तोंड फिरवणार, असं वाटून मी त्यांचा हात घट्ट धरला. अक्का हलल्या नाहीत. खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत होत्या. मग त्यांनी फक्त एकच विचारलं.

"तो पोरले लागस का?"

"नाही," मी म्हटलं. "कॅन्सर कुणाचा कुणाला लागत नाही. पोरीला नाही, मला नाही, कुणालाच नाही. तिला साधी सर्दी आहे."

"नक्की?"

"नक्की, अक्का. पोरीची शप्पथ."

त्यांनी तोंडावरचा पदर काढला. इतक्या दिवसांनी मी त्यांचं पूर्ण तोंड पाहिलं, ओठ सोललेले, गाल आत गेलेले. "देवा रे," त्या म्हणाल्या, "देवा, भलं झायं," आणि हुंदके देऊन रडू लागल्या. त्या कॅन्सर झाला म्हणून रडत नव्हत्या. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ज्या शब्दाला घाबरून इतके दिवस दारं लावली होती, तो ऐकून ही बाई सुटल्यासारखी रडत होती, आणि मी तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवून तिच्याहून मोठ्याने रडत होते.

राग नंतर आला. "बठ्ठासले माहीत व्हतं? तुमना आबाले बी?" मी म्हटलं, हो, सगळ्यांना. "मना पोऱ्याले?" हो. "वॉर्डमधला त्या केळीवाला पोऱ्याले?" हो. प्रत्येक होकाराला त्यांचा चेहरा कठीण होत गेला. "मना आजार, आन् मालेच माहीत नही," त्या म्हणाल्या. आबांशी पुढे बरेच दिवस त्या फोनवर बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या माझ्याशी, "त्यासले सांगी दे," असं. आबा माझ्यावर रागावले, अजूनही पुरते निवळलेले नाहीत. नवरा अधूनमधून म्हणतो, आधीच सांगायला हवं होतं का?

पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी डोळे पुसून झाल्यावर अक्का उठल्या आणि कडीला हात घातला. "आन पोरले," म्हणाल्या. मला त्यांचा हात धरावा लागला. त्यांचा आजार पोरीला लागणार नव्हता, पण पोरीची सर्दी त्यांना लागली असती, आणि रक्तात झुंजायला लागणाऱ्या पेशी अजून पुरत्या भरून आल्या नव्हत्या. हे सांगताना मला वाटलं, आता ही बाई मला मारेल. दार काही उघडणार नव्हतंच.

अक्कांनी कडीवरचा हात काढला. "म्हणजे दार मनासाठे लायेल शे?" त्यांनी विचारलं. "पोरसाठे नही?"

"तुमच्यासाठी."

त्यांना हे नीट उमगायला जरा वेळ लागला. मग त्या दाराला टेकून खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, पोरीला पलीकडे बसव. मी बाहेर येऊन दार लोटलं आणि पोरीला, नाक गळत असलेली, दारापाशी बसवलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग सवयीने मागे सरकायला लागली. तेवढ्यात आतून अक्कांनी तिला हाक मारली, पदर तोंडावर नसलेल्या मोकळ्या आवाजात, आणि विचारलं की तिने सकाळी काय खाल्लं. पोर म्हणाली, बिस्किट. दोघी कितीतरी वेळ बिस्किटांवर बोलत बसल्या.

मग दाराआडून मला हाक आली. मला वाटलं पाणी हवं असेल.

"आते ती सलाईन," अक्का म्हणाल्या, "कवय जानं शे?"